हाड जुळेपर्यंत

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक दरवर्षी कोणाला ना कोणाला पकडतात. यंदा मी सापडलो. "तुम्ही सगळी नोकरी इस्पितळात काढलीत, लिहा काहीतरी," म्हणाले. मी म्हटलं, "अहो, मी डॉक्टर नव्हतो. मी प्लास्टर घालायचो आणि कापायचो." तर म्हणाले, "तेच लिहा. निम्म्या झाशीचे हातपाय तुमच्या हातून गेलेत." निम्म्या हे जरा जास्तच झालं, पण ऐकून बरं वाटलं आणि मी हो म्हणून बसलो. माझं मराठी घरातलं आहे, त्यात हिंदी पुष्कळ कालवलेलं आहे. माझ्या नातवंडांना ते समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

इस्पितळाच्या मागच्या अंगाला, एक्स-रेच्या शेजारी माझी खोली होती. दारावर काहीच लिहिलेलं नव्हतं, पण जमिनीवर पांढरी पावलं उमटलेली असायची, त्यामुळे कोणाला विचारावं लागत नसे. मला सगळे 'पलस्तरवाले पंडितजी' म्हणत. दुपारी गर्दी ओसरली की जाळीदार कापडाच्या लांब पट्ट्यांवर मी प्लास्टरची भुकटी चोळायचो आणि गुंडाळ्या करून पत्र्याच्या डब्यात ठेवायचो. कोणी हात मोडून आला की गुंडाळी बादलीत बुडवायची, बुडबुडे थांबले की अलगद पिळायची आणि कापसावरून फिरवत न्यायची. बांधलेलं प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. हे आधी सांगितलेलं असलं तरी माणूस ओरडायचाच, "जल रहा है पंडितजी!" मी म्हणायचो, "चाय पी के आओ, ठंडा हो जाएगा."

कापायला विजेची करवत होती. ती फिरत नाही, नुसती थरथरते. प्लास्टर कापते, कातडीला काही करत नाही. पण आवाज असा की चांगले चांगले घाबरत. म्हणून मी ती आधी माझ्या तळहातावर टेकवून दाखवायचो. तरीही एक भलामोठा पहिलवान आवाज ऐकूनच स्टुलावरून उठला आणि व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. त्याला परत आणायला त्याच्या बायकोला पाठवावं लागलं.

पण घालणं आणि कापणं हे सोपं काम. माझं खरं काम या दोन्हींच्या मधलं होतं, आणि त्याचा पगार मिळत नव्हता. ते म्हणजे लोकांना थांबवून धरणं.

पहिल्या दिवशी माणूस काय वाटेल ते कबूल करतो. ठणका लागलेला असतो. "साल भर बाँध दो पंडितजी, बस ठीक कर दो." पुढे दुखणं थांबतं, आणि तिथून माझी कटकट सुरू होते. दुखणं थांबणं आणि हाड जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुखणं आधी थांबतं. हाड आतल्या आत सावकाश धरत असतं, ते कच्चं असताना बाहेरून काहीच कळत नाही. मग प्लास्टरच्या आत खाज सुटते. लोक आत विणायच्या सुया घालतात, फूटपट्ट्या घालतात. कापताना मला आतून काय काय सापडलं ते सांगितलं तर हा अंक घरात कोणी ठेवणार नाही. आणि मग एक दिवस तो माणूस तारखेच्या कितीतरी आधी दारात उभा राहतो. "काए भैया, अब तौ तनकऊ नइँ पिरात. काट देओ." म्हणजे आता जराही दुखत नाही, कापून टाक. डॉक्टरसाहेबांच्या खोलीत हेच लोक मान खाली घालून बसायचे. भांडायला माझ्याकडे यायचे.

सीपरी बाजारातला एक हलवाई होता. उजव्या हाताचं हाड मोडलेलं, जिलबी घालायचा हात. दिवाळी आली आणि त्याला दुकानात दुसऱ्याच्या हातची जिलबी बघवेना. त्यानं घरीच सळई घालून प्लास्टर फोडलं. दिवाळीभर जिलब्या घातल्या आणि भाऊबीज झाल्यावर वाकडा हात घेऊन माझ्याकडे आला. वर मला म्हणतो, "पंडितजी, जलेबी तो एक नंबर बनी." तो हात पुढे कधी सरळ झाला नाही. पण एवढं खरं की जिलबी त्याची वाकड्या हातानंही चांगलीच व्हायची, आणि मला बघितलं की तो ताजी काढून द्यायचा, जणू मीच हरलो होतो.

झाशीतल्याच नगरा भागातल्या एका नवरदेवाचं अडलं होतं ते वेगळंच. वरातीची शेरवानी शिवून तयार, आणि बाही प्लास्टरवरून जाईना. बाप, काका, मामा, सगळे मिळून माझ्या खोलीत. "काट दीजिए, शादी के बाद फिर बाँध दीजिएगा." जणू तो डोक्यावरचा फेटा होता. मी त्या काकांना शेरवानी घेऊन यायला सांगितलं, समोरच्या शिंप्याकडून बाहीची शिवण खांद्यापर्यंत उसवून घेतली आणि आतून नाड्या लावायला लावल्या. नवरदेव प्लास्टरसकट घोड्यावर बसला. माझ्या नोकरीतल्या अभिमानाच्या गोष्टी थोड्या आहेत, त्यातली ही एक.

अशा भांडणांतून मला एक गोष्ट कळत गेली. माझ्यासमोर स्टुलावर बसलेला माणूस आणि सहा महिन्यांनी ज्याला तो हात वापरायचा आहे तो माणूस, हे दोघे वेगळे असतात. पहिल्याला लग्न असतं, दुकान असतं, परीक्षा असते, खाज असते. दुसरा खोलीत नसतोच. त्याची बाजू मांडायला कोणी नाही. मग मी ठरवलं, आपण त्याचे वकील. करवत माझ्या हातात आहे, तो येईपर्यंत मी ती चालू करणार नाही. हा विचार मला फार आवडायचा. कोणी ऐकणारं भेटलं की मी तो सांगायचो. घरी तर सगळ्यांना पाठ झाला होता.

आता विजूचं सांगतो.

विजू माझी धाकटी बहीण. आम्ही तेव्हा लक्ष्मी गेटला राहायचो. वडील, आई, आमची आत्या, मी आणि विजू. झाशीत हॉकी अंगणात खेळली जाते हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. गल्लीत मुलं झाडाच्या वाकड्या फांदीनं खेळायची, आणि विजू त्यांच्यात. ती परकरात होती तेव्हापासून. पुढे कॉलेजच्या संघात आली, आणि मग शहरात लोक मला 'विजू के भैया' म्हणायला लागले. मला त्याचा राग येत नसे. ती चेंडू घेऊन निघाली की मैदानाच्या कडेला उभी असलेली माणसं बोलायची थांबायची. मी सायकल लावून उभा असायचो. अजून डोळे मिटले की मला ती तशी दिसते, वेणी पाठीवर उडते आहे, धूळ उठली आहे, आणि चेंडू काठीला चिकटल्यासारखा तिच्याबरोबर चालला आहे.

आणीबाणी उठली त्याच्या आसपासची गोष्ट. सरावात ती घसरली आणि तळहातावर पडली. झाशीचं मैदान म्हणजे वर धूळ आणि खाली दगड. हसतच माझ्या खोलीत आली, "दादा, गिऱ्हाईक आलं." डावं मनगट सुजलेलं. डॉक्टरसाहेबांनी अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मनगटात काजूच्या आकाराचं एक छोटं हाड असतं. ते मोडलं तर फारसं दुखत नाही, आणि त्याला रक्त इतकं कमी मिळतं की जुळायला अडीच-तीन महिने सहज लागतात. कधी त्याहून जास्त. अंगठ्यासकट प्लास्टर मीच बांधलं. हॉकीत काठी फिरवतो तो डावा हात, उजवा नुसता सोबत असतो, हे मला माहीत होतं.

दुखणं लवकरच थांबलं. आणि मग राज्याच्या संघाची निवड लखनौला होणार असं कळलं, नेहमीपेक्षा बरीच आधी. प्लास्टर निघायला अजून महिना-दीड महिना होता.

तिनं मला दुपारी खोलीत येऊन गाठलं. स्टुलावर बसली आणि हात टेबलावर ठेवला.

"काप."

"विजू, पुढच्या वर्षी पण निवड आहे. पुढच्या वर्षी तू याच्या दुप्पट खेळशील. आज कापलं तर हाड जुळणार नाही, आणि मग ती मुलगी..."

"कोण मुलगी?"

"पुढच्या वर्षीची तू. तिला हा हात लागणार आहे."

"ही पुढच्या वर्षीची मुलगी कुठे राहते, दादा? मला कोणी दाखवेल का? अण्णा इंदूरच्या त्या लोकांना पत्र लिहितायत. पुढच्या वर्षी मी कोणाच्या घरी असेन, ते लोक मला अर्ध्या चड्डीत मैदानावर जाऊ देतील का, हे तुला माहीत आहे? मला नाही माहीत. मला लखनौ माहीत आहे."

मी म्हणालो, अण्णांशी मी बोलतो. ती म्हणाली, बोल. संध्याकाळी मी वडिलांशी बोललो. ते म्हणाले, "बघू पुढच्या वर्षी." विजू दारातच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली.

दोनच दिवसांनी मी ड्युटीवरून घरी आलो तर अंगणात बादली, बादलीत दुधासारखं पाणी. खाली वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर प्लास्टरच्या चिंध्या आणि तुकडे. आत्या पाटावर बसली होती आणि पदरानं आपला अडकित्ता पुसत होती. हात कोमट पाण्यात भिजवून भिजवून तिनं ते प्लास्टर सुपारी कातरावी तसं कडेनं कातरत काढलं होतं. कातडीला कुठे ओरखडा नव्हता. माझ्या करवतीनंही इतकं सफाईनं निघालं नसतं.

मी वाकून प्लास्टरचा एक तुकडा उचलला. म्हणालो, "आत्या, हे काय केलंस?"

"तू कापत नव्हतास म्हणून मी कापलं."

"पण हाड..."

"मधू, मला ग्वाल्हेरला मास्तरणीच्या शिक्षणाला बोलावलं होतं. तुझे आजोबा म्हणाले, पुढच्या वर्षी जा. मी थांबले हो. शहाण्यासारखी थांबले." तिनं अडकित्ता पानाच्या डब्यात ठेवला. "मग तुझे आजोबा आजारी पडले, मग तुझी आई बाळंत झाली, तू झालास, मग विजू झाली. मी अजून या पाटावर आहे."

विजू मनगट फिरवून दाखवत होती. "बघ, दुखत नाही." हात बारीक झाला होता, कातडी सोललेली, पण बोटं झरझर हलत होती. मी पुन्हा बांधतो म्हणालो, तिनं हात मागे घेतला. मग मी कपाटातून पट्टा काढला आणि मनगटावर जितका घट्ट बसेल तितका बसवून दिला. अंगठा मोकळा राहू दिला, नाहीतर काठी धरता आली नसती. तिसऱ्या दिवशी आत्याच तिच्याबरोबर लखनौला गेली.

विजूची निवड झाली.

पुढे जबलपूरला राष्ट्रीय स्पर्धा होती. झाशीहून जबलपूर काही लांब नाही. पण माझी रजा मंजूर झाली नाही. खोलीत मी एकटाच होतो, आणि पावसानं निसरडं झालं की आमच्याकडे रांग लागते. मी गेलो नाही. तिचे सगळे सामने पाहिले मी, गल्लीतले, कॉलेजचे, आणि तेवढे राहिले. नोकरी संपून इतकी वर्षं झाली, माणसाला कशाकशाची हुरहूर लागते. मला सगळ्यांत जास्त त्या न पाहिलेल्या खेळाची लागते.

ती परत आली ती सुजलेला हात घेऊन. त्या दिवसापासून घरात हाताखेरीज दुसरं काही बोललं गेलं नाही. कसं खेळलात, हे कोणी विचारलं नाही. एक्स-रेमध्ये त्या काजूएवढ्या हाडाचे दोन तुकडे दिसत होते, आणि मधली फट इतकी स्पष्ट की दाखवावी लागली नाही. ग्वाल्हेरला ऑपरेशन झालं. कमरेच्या हाडाचा तुकडा घेऊन मनगटात बसवला. प्लास्टर बदलायला ती माझ्याकडे आली, त्याच स्टुलावर बसली, आणि हात पुढे करून म्हणाली, "आले बघ. तुझी पुढच्या वर्षीची."

मला तेव्हा रडू आलं. मी बादलीशी काहीतरी करत राहिलो.

हाड दुसऱ्यांदा जुळलं. मनगट मात्र ताठ राहिलं. पुढच्या वर्षी लखनौला पुन्हा निवड होती, विजू जाऊ शकली नाही. विजू जिला रोज सरावात चुकवायची ती मुलगी संघात गेली, पुढे तिला रेल्वेत नोकरी लागली. माझं म्हणणं खरं ठरलं होतं. ते खरं ठरलं म्हणून मला कधीही आनंद झाला नाही. इंदूरचं स्थळ जमलं नाही. विजू ग्वाल्हेरला एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली, तिथलंच घर मिळालं, संसार केला.

त्यानंतरही मी वर्षानुवर्षं लोकांना थांबवत राहिलो. पण न आलेल्या माणसाचं ते भाषण मी पुन्हा कधी केलं नाही. कोणी कापा म्हणून हटून बसला की मी करवत बाजूला ठेवायचो आणि आधी विचारायचो, कशासाठी? पुष्कळांचं कारण फुसकं असायचं, हलवायासारखं. एखाद्याचं नसायचं. अशा वेळी मी डॉक्टरसाहेबांकडे जाऊन त्या माणसाच्या बाजूनं बोलायचो, निदान बोटं मोकळी राहतील असं काही करता येईल का, विचारायचो. कधी कधी करता यायचं.

आता सगळं बदललं. हलकी रंगीत प्लास्टरं आली, हाडात बसवायच्या धातूच्या पट्ट्या न् स्क्रू आले, माणूस चार दिवसांत चालायला लागतो. चांगलंच झालं. पण ओल्या प्लास्टरचा तो चुन्यासारखा वास मला आठवतो, आणि महिना-महिना येऊन त्याच स्टुलावर बसून भांडणारी माणसं आठवतात. त्यातली निम्मी गेली. आत्या तर केव्हाच गेली. लक्ष्मी गेटचं घर सोडून आम्ही नगऱ्याला आलो. माझे गुडघे बोलतात.

गेल्या भाऊबीजेला विजू आली होती. ओवाळणं झालं, जेवणं झाली. दुपारी आम्ही व्हरांड्यात बसलो होतो आणि माझी नात मोबाइलवर मुलींची हॉकी बघत होती. विजूनं चष्मा लावला आणि तिच्या खांद्यावरून वाकून बघायला लागली.

"उसका बायाँ हाथ देखो," ती नातीला म्हणाली. "दायाँ नहीं, बायाँ."

नात म्हणाली, "आजी, आप भी खेलती थीं?"

विजूनं नुसतं पडद्याकडे बोट केलं. नात आत गेल्यावर मी तिला विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"विजू, पश्चात्ताप होतो का गं?"

"रोज सकाळी होतो, कणीक तिंबताना. हात वळत नाही, हे सगळ्यांना दिसतं." ती मनगटाकडे बघत होती. "संध्याकाळी नाही होत. संध्याकाळी मुलींना घेऊन मैदानावर जायचे तेव्हा तर कधीच नाही. त्यांना वाटायचं बाईंना नुसतं पुस्तकातलं येतं. मला माहीत होतं मला काय येतं."

मी खुर्ची तिच्याकडे वळवली. मग म्हणालो, "जबलपूरला कशी खेळलीस ते सांग ना."

ती वळून माझ्याकडे बघायला लागली. "कोणी विचारलंच नाही रे," म्हणाली. "अण्णा नाही, आई नाही, तू पण नाही. मला वाटलं, आता कोणी विचारणार नाही."

"मी विचारतोय."

तिनं पदर खोचला, एकदम ताठ बसली. तिचा आवाजच बदलला. "बंगालशी होता. दोघांचे एक-एक गोल झाले होते. थोडाच वेळ राहिलेला. मला डावीकडे चेंडू मिळाला, मधल्या रेघेच्या पुढेच. समोर एक उंच मुलगी. मी तिला आत जाते असं दाखवलं आणि काठी उलटी केली." तिचा डावा हात वर आला होता आणि फिरू बघत होता. मनगट फिरलं नाही, तशी ती खांद्यातूनच वळली. "ती गेली. दुसरी आली, ती पण गेली. हात ठणकत होता, पण दादा, मला ऐकूच येत नव्हतं काही. समोर नुसती गोलकीपर. ती बाहेर आली, अशी हात पसरून, आणि मी..."

आतून दूध उतू जाण्याचा वास आला. "अगं बाई, दूध!" म्हणून ती उठून धावली.

मी बसलो होतो. मग बसवेना. खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठलो, भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेलो. ती गॅस पुसत होती.

"थांब ना दादा. पुसून येतेच मी, बाहेर बसून सांगते सगळं."

"नाही थांबवत," मी म्हणालो. "गोलकीपर बाहेर आली. मग?"